इंजिनाला लावलेला शेंदूर

देवावर विश्वास आहे आणि तरीही जिवाला स्वस्थता नाही, असा एक माणूस मला रोज आरशात दिसतो. आमचं घर कळंबचं, चिंतामणीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. आजोबा कचेरीत होते, वडील कचेरीत होते, मीही सरकारी नोकरीतच चिकटलो. चिंता हरण करणारा देव शेजारी असून या घरात चिंता पिढीजात आहे, असं माझी बायको म्हणते, आणि त्यात काही खोटं नाही. स्टँडवर गाडी लागलेली असली, पाटी वाचता येत असली, तरी मी दोघांना विचारल्याशिवाय चढत नाही. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो की घटकाभर बरं वाटतं. हात जोडून वर येईपर्यंत चपला जागेवर असतील की नाही हे डोक्यात सुरू झालेलं असतं. अशा माणसाला देवानं काही शिकवायचं ठरवलं तर त्याला सरळ रस्ता सापडणं कठीणच होतं.

ही गोष्ट कापसाच्या वाईट वर्षांतली. त्या वर्षांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, मला त्यात भर घालायची नाही. माझी बदली तेव्हा उमरखेडकडच्या भागात, पैनगंगेच्या एका धरणावर झाली होती. काम साधं होतं. पाण्याची पातळी रोज लिहायची आणि आठवड्यातून दोनदा बोटीनं पलीकडच्या काठावर जाऊन तिथल्या खांबावरचे आकडे पाहून यायचं. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचा एक तांडा होता. पाऊसकाळ चांगला झाला की धरणाचं पाणी मागे पसरायचं आणि तांड्याचा रस्ता बुडायचा. मग डोंगराला वळसा घालून बैलगाडीनं अर्धा दिवस जायचा. माझी बोट पाण्यावरून अर्ध्या तासात जायची, पण ती चालली तर.

बोट पत्र्याची होती आणि मागे लटकवलेलं इंजिन माझ्या नोकरीपेक्षा जुनं. त्याची पेट्रोलची टाकी वेगळी असते, ती बोटीच्या तळाशी ठेवायची. टाकीतून एक रबरी नळी इंजिनाकडे जाते आणि नळीच्या मध्ये मुठीत मावेल एवढा रबरी फुगा असतो. सुरू करण्याआधी तो चार-पाच वेळा दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. टाकीच्या झाकणावर एक बारीक पितळी स्क्रू असतो. बोट चालवताना तो सैल ठेवायचा, म्हणजे त्याच्याखालच्या भोकातून टाकीत हवा जाते. माझ्या आधीच्या चालकानं निवृत्त होताना मला दुसरं काही सांगितलं नाही, एवढंच बजावलं, की साहेब, स्क्रू विसरू नका. विसरणं माझ्या रक्तात नाही. मी तो स्क्रू एका फेरीत चारदा तपासायचो.

त्या वर्षी खंडेनवमीला मी इंजिनाची पूजा केली. आधी धरणावरचा चौकीदार झेंडूची माळ टाकायचा आणि नारळ फोडायचा, तेवढंच. मला वाटलं, इंजिन म्हातारं झालंय, कुरकुर करतंय, त्याला जरा चांगला आधार पाहिजे. कळंबहून येताना मी चिंतामणीचा शेंदूर आणला होता. तो तेलात कालवला आणि इंजिनाच्या डोक्याला, बोटीच्या नाकाला, टाकीला, टाकीच्या झाकणाला असा भरभरून लावला की चौकीदार म्हणाला, "साहेब, हे तं मारुती झालं." वर तांदळाचे दाणे चिकटवले. हात जोडून म्हटलं, देवा, हे यंत्र आता तुझं आहे, सांभाळ. म्हटलं खरं, पण सांभाळायचं काम काही मी सोडलं नव्हतं.

दसरा होऊन चार दिवस झाले नाहीत, तोच इंजिन पाण्याच्या मधोमध बंद पडलं. सुरू झालं की सात-आठ मिनिटं छान चालायचं, मग धाप लागल्यासारखं करायचं आणि गप व्हायचं. मी प्लग काढून घासला, टाकीचं झाकण उघडून पेट्रोलचा वास घेतला, पाणी मिसळलंय का पाहिलं, झाकण लावलं. इंजिन सुरू. म्हटलं, प्लगच होता. दुसऱ्या फेरीला पुन्हा बंद. मग मी पेट्रोलची जाळी उघडली, फुंकली, टाकीत किती उरलंय ते झाकण काढून पाहिलं, आणि इंजिन सुरू. म्हटलं, जाळीत कचरा होता. आपल्याकडे पेट्रोल ओततानाही नरसाळ्यात कापसाचा बोळा ठेवून गाळतात, त्याचेच तंतू गेले असतील. तिसऱ्यांदा कार्बोरेटर खोलून त्यातलं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, तोंडानं फुंकलं. ओठांना दिवसभर पेट्रोलची चव राहिली. काठावर बांधून चालवलं तर तासभरही चालायचं, कारण मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडून आत डोकावायचो. पाण्यात गेलं की रुसायचं. आठवडाभर मला झोप नव्हती, जेवण नव्हतं. बायको फोनवर म्हणाली, "तुमचं काय बंद पडलं, इंजिन का डोकं?" मी फोन ठेवला.

त्या दिवशी सकाळी आकडे पाहायला पलीकडे गेलो. जाताना दोनदा बंद पडलं, दोनदा काही ना काही घासून सुरू केलं. परत निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तांड्याकडून चार बाया बाज घेऊन धावत येताना दिसल्या. बाजेवर विशीतली एक सून होती, सविता नावाची. कापूस वेचताना खालच्या बोंडाला हात घातला आणि घोणस चावली. हात कोपरापर्यंत सुजला होता. बांगड्या सुजेत रुतू लागल्या तेव्हा तिच्या सासूनं स्वतःच दगडानं तिच्या बांगड्या फोडल्या होत्या. काचेचे बारीक ओरखडे मनगटावर होते आणि त्यांतून रक्त थांबत नव्हतं. ते थांबत नाही हेच घोणशीचं लक्षण, हे धरणावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. तिचा नवरा तीन दिवसांपासून कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर रांगेत उभा होता. तांड्यावर पुरुषमाणूस म्हणून दोन म्हातारेच होते.

सासूचं नाव झमकीबाई. कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण, वय साठीच्या पुढे. तिनं सुनेला बोटीत निजवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "चाल साहेब." बाकीच्या बाया काठावरच थांबल्या. मला सांगायचं होतं, की बाई, हे इंजिन भरवशाचं नाही. सांगता आलं नाही. दुसरा रस्ता अर्ध्या दिवसाचा होता. मनात चिंतामणीचं नाव सुरू केलं आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली.

पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा आम्ही काठापासून फार लांब नव्हतो. मी नेहमीसारखा प्लग काढला, घासला, झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, लावलं. सुरू झालं. झमकीबाई माझ्याकडे नाही, टाकीकडे पाहत होती. सविता त्यांच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत, तिला काहीतरी विचारत होती, "याडी, याडी" एवढंच मला कळत होतं; सासूला ती आईच म्हणायची. तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. म्हातारी ते पदरानं टिपायची आणि पदर लगेच दुमडून घ्यायची, सुनेला लाल डाग दिसू नये म्हणून.

दुसऱ्यांदा बंद पडलं ते बरोबर मध्यावर. वारा उगवतीचा होता आणि बोटीला बुडालेल्या झाडांच्या ओंडक्यांकडे ढकलत होता. हातात एक वल्हं होतं, पण पत्र्याची जड बोट एका वल्ह्यानं वाऱ्याविरुद्ध किती जाणार? मी फुगा दाबला. तो दबला आणि तसाच चपटा राहिला. वर आलाच नाही. म्हटलं, संपलं, आता फुगाच फाटला. नळी चाचपली, जोड आवळले, जाळी उघडली, पुसली, बसवली. घाईत या वेळी टाकीचं झाकण उघडायला मी थांबलो नाही. दोरी ओढली. एकदा, दहादा. काही नाही.

तेव्हा झमकीबाई म्हणाली, "साहेब, त्या डब्याले वारा लागते का नाई?"

मी म्हटलं, "लागते. स्क्रू उघडा हाय."

ती म्हणाली, "उघडा हाय तं हा रबर काहून चिपकून राह्यला?"

मी तिच्यावर ओरडलो. ते लिहिताना आजही लाज वाटते. म्हणालो, "माय, गप बस नं जरा! मले काम करू दे. तुले काय समजते यातलं?" ती पुन्हा सुनेचं तोंड टिपू लागली. मी कार्बोरेटर खोलायला घेतला. दोन स्क्रू काढले, तिसऱ्याला पेचकस लावला, तेवढ्यात बोट एका ओंडक्याला घासली, धक्का बसला आणि पेचकस हातातून सुटून पाण्यात गेला. त्याची पिवळी मूठ मी दोन हात खोल जाईपर्यंत पाहिली. मग तीही दिसेनाशी झाली.

माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. प्लगचा पाना होता, पण प्लग तर चांगलाच होता. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की करायला काही उरलं नाही. आमच्यासारख्या माणसांचा देवावरचा विश्वास हात रिकामे असताना कळतो. तोवर आपण एका हातानं नमस्कार करतो आणि दुसऱ्या हातानं खटपट करतो. मी बोटीच्या तळाशी उकिडवा बसलो आणि खरंच रडलो. साठीची एक बाई आपल्या सुनेचं रक्त टिपत समोर बसलेली, आणि रडत होतो मी. मनात मागणंही आलं नाही. नुसतं आलं, आता मला काही येत नाही, तूच बघ. ते शब्द मी हजार वेळा म्हटले असतील. त्या दिवशी त्यांना अर्थ होता.

थोड्या वेळानं झमकीबाईचा आवाज आला. हळू, पण मघाच्या माझ्या ओरडण्याचा राग त्यात नव्हता. कदाचित होताही, पण तिला तो तेव्हा परवडणारा नव्हता.

"लगनात तेलाचा डबा उघडतेत नं साहेब, पंधरा किलोचा. एकच भोक पाडलं तं तेल येते काय? घटक घटक करते अन् बंद होते. दुसरं भोक पाडा लागते, वाऱ्याले. पयल्या खेपेले तू झाकण उघडलं अन् मंगच चाललं. मी पाह्यलं नं. तुयं ते घासणं-पुसणं राहू दे. झाकण उघड."

मी झाकण फिरवलं. आत हवा अशी जोरात शिरली की फुस्स असा आवाज झाला, आणि माझ्या डाव्या हातातला तो चपटा फुगा आपोआप फुगून गोल झाला. मी झाकण उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. स्क्रू सैल होता, मी म्हणत होतो तसाच. पण त्याच्याखालचं सुईएवढं भोक शेंदरानं बुजलेलं होतं. तेल वाळून त्याची घट्ट पपडी झाली होती आणि त्यात तांदळाचा एक दाणा फसलेला. आठवडाभर मी इंजिनाचा एकेक अवयव खोलत होतो, आणि त्याचा श्वास मीच माझ्या हातानं, मंत्र म्हणत, कोंडून ठेवला होता. दर वेळी त्याला जीव दिला तो माझ्या घासण्यानं नाही, झाकण उघडण्यानं.

झमकीबाईनं मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्या हातात दिली. मी ते भोक मोकळं केलं. देवाचा शेंदूर असा खरवडून पाण्यात टाकायचा, म्हणून क्षणभर हात अडखळला. तिनं ते पाहिलं असावं. म्हणाली, "काढ, काढ. देव काई म्हणत नाई." पेचकस नव्हता, म्हणून कार्बोरेटरचे काढलेले दोन स्क्रू बोटांनी जमतील तेवढे आवळले. फुगा दाबला, तो घट्ट झाला. दुसऱ्याच ओढीला इंजिन लागलं आणि काठ येईपर्यंत एकदाही थांबलं नाही. मी वळून इंजिनाकडे पाहिलं नाही. स्क्रूही तपासला नाही.

काठावरून आमची बोट पाहून चौकीदारानं एक काळीपिवळी जीप थांबवून ठेवली होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलत होती. सुया लागल्या, सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी साप चावल्याची वेळ विचारली, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही आणि म्हणाल्या, "आता वाट पाहायची." दिवसभरात मला सांगितलेलं ते सर्वांत अवघड काम होतं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागलो. झमकीबाई भिंतीला टेकून बसली होती. चार फेऱ्या झाल्यावर माझ्यानं राहवलं नाही. तिच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं, की माय, तो शेंदूर मीच लावला होता. बोट बंद पडली ती माझ्यामुळं. तू पहिल्यांदा सांगतलं तेव्हाच ऐकलं असतं तं इतका वेळ गेला नसता.

ती म्हणाली, "मेली असती तं?"

ती उठली. आत जाऊन सुनेला पाहून आली, पुन्हा त्याच जागी बसली, पदराच्या गाठीतली भाकर सोडली, अर्धी मोडून माझ्यासमोर धरली. "खाय," म्हणाली. "तोंड सुकलं तुयं." मी खाल्ली. सगळी खाल्ली.

संध्याकाळी रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सविता उठून बसली आणि पाणी मागितलं. तेवढ्यात तिचा नवरा आला. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू तसेच होते. रांग सोडून, गाडी शेजाऱ्याच्या हवाली करून आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं असावं, कारण तो आला तोच माझ्या पायांशी वाकला. मी मागे सरलो. पाठीला भिंत लागली. तो रडत म्हणत होता, "साहेब, तुम्ही नसते तं...", आणि मी त्याच्या डोक्यावरून झमकीबाईकडे पाहत होतो. आता ती सांगेल, आणि सांगावंच, असं मला वाटत होतं. तिच्या मुलानं तिला विचारलं, "याडी, कसं आनलं वं तिले?"

ती म्हणाली, "बोटीनं. आनखी कशानं?"

एवढंच. मला वाटलं, ते तिच्या आणि माझ्यामध्येच राहिलं. मी त्या पोराला स्वतः सांगायला हवं होतं. सांगितलं, पण दोन वर्षांनी, सविताची मुलगी दाखवायला तो धरणावर आला तेव्हा. तो हसला. म्हणाला, मले मालूम हाय, याडीनं त्याच दिवशी सांगतलं होतं, अन् हेबी सांगतलं का साहेब सोताहून सांगन तवाच आयकजो. दोन वर्षं तो मला भेटत होता, रामराम करत होता, आणि वाट पाहत होता.

देवानं त्या दिवशी काय केलं आणि काय आपसूक झालं, याचा हिशेब मी मांडत नाही. मला एवढं कळतं, की मी ज्याच्याकडे आठवडाभर उत्तर मागत होतो, त्यानं ते माझ्यापासून दोन हातांवर एका म्हातारीच्या तोंडी ठेवलं होतं, आणि मी तिला गप केलं होतं. तरी तिनं पुन्हा सांगितलं. ते पुन्हा सांगणं हीच माझ्यावरची कृपा, असं मी मानतो, आणि तिची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात. माझा स्वभाव काही बदलला नाही. अजूनही अस्वस्थ असतो, अजूनही दोघांना विचारून गाडीत चढतो. पण काम करत असताना कोणी काही बोलू लागलं, मग तो चपराशी असो की रस्त्यानं जाणारी बाई, तर मी हात थांबवतो आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐकतो. माझ्याच्यानं होते ती शरणागती एवढीच आहे, आणि देवानं ती चालवून घेतली आहे.